गुलाबी विसण

"बंबाच्या कढत पाण्याला थंड विसण लागायचं, यादव. तुझ्या टाकीच्या पाण्याला लागत नाही. आयतंच कोमट येतं."

सिंधुबाई हे हसत म्हणाल्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं. त्या मुलींच्या वसतिगृहाच्या गच्चीवर उभ्या होत्या. समोर सोलरची टाकी, टाकीला टेकून यादव, त्याच्या हातात थर्मामीटर. थर्मामीटर सांगत होतं की टाकीतलं पाणी चांगलं कढत आहे. खाली न्हाणीघरातून बाहेर पडणाऱ्या मुली सांगत होत्या की नाही.

वसतिगृह पेठ रोडला. पेठ, सुरगाण्याकडच्या मुली शिकायला नाशिकला येतात, त्या इथे राहतात. सिंधुबाई त्यांच्या अधीक्षक. आधी इथे लाकडावरचा बंब होता. मुलींच्या पाळ्या लागायच्या, उजाडायच्या आधी उठून बंब पेटवायला. ज्या मुलीची पाळी, ती दिवसभर शाळेत लाल डोळे घेऊन बसायची. यादवने सिंधुबाईंना शब्द दिला होता की सोलर लावा, बंब विसरा. आणि त्या शब्दावर सिंधुबाई संस्थेच्या कमिटीशी भांडल्या होत्या.

आता काय होत होतं, तर पहिल्या काही मुलींना बरं पाणी यायचं. मग अचानक कोमट. मग गार. निम्म्या मुली दात वाजवत बाहेर.

"कमिटी म्हणते बंब परत आणा," सिंधुबाई म्हणाल्या. "मी त्यांना दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबवलंय. सुट्टी संपून मुली परत आल्या की थंडी सुरू होणार. तेव्हा एकतर तुझी टाकी चालायला हवी, नाहीतर मी स्वतः पाळ्यांचा कागद भिंतीला लावणार. मला ते करायचं नाहीये. पण करीन."

"करायची वेळ येणार नाही, ताई."

"तू मागच्या वेळी पण असंच म्हणाला होतास."

यादवने थर्मामीटर खिशात घातलं आणि जिना उतरला.

टाकी बनवली होती सातपूरला, नियाजभाईंच्या वर्कशॉपमध्ये. नियाजभाई वेल्डिंगमध्ये आयुष्य घालवलेला माणूस. यादव मेकॅनिकलचा डिप्लोमा करून त्यांच्याकडे लागला आणि त्यानेच त्यांना सोलरच्या नादाला लावलं. ड्रॉइंग यादवचं, वेल्डिंग नियाजभाईंचं.

"पफ कमी भरला असेल," नियाजभाई म्हणाले. टाकीच्या दोन पत्र्यांमध्ये उष्णता धरून ठेवायला फोम भरतात, तो पफ. "जाड करू. विषय संपला."

"भाई, पफ कमी असता तर रात्रीतून सगळंच पाणी गार झालं असतं. सकाळी टाकी गरम असते. पाणी वापरायला लागलं की बिघडतं."

"मग?"

"वापरलं की वरच्या टाकीतून थंड पाणी आत येतं. ते आत जाऊन काहीतरी करतंय."

"काय करणार? थंड पाणी जड. खाली बसणार. गरम वर राहणार. हे तूच मला शिकवलंस."

"बसायला हवं. पण बसतं का, ते बघितलंय कोणी?"

नियाजभाईंनी त्याच्याकडे असं बघितलं जसं माणूस शिंकायच्या आधी बघतो. "स्टीलच्या बंद टाकीत?"

हाच घोळ होता. थर्मामीटर एका जागेचं सांगतं, आणि आत घालून फिरवायला गेलं की तेच पाणी ढवळतं. यादवला पूर्ण टाकी एकदम बघायची होती. कुठे गरम, कुठे गार, सगळं एका नजरेत. पाण्याला हात न लावता.

याचं उत्तर त्याला कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत सापडलं. दोन हजार पाच साल, नेट असं की एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. इंग्रजी लेख होता. पाण्यात एक विशिष्ट रंग अगदी थोडा घालायचा. त्यावर लेसर मारला की रंग चमकतो. आणि गंमत अशी, की पाणी जितकं गरम तितकी चमक कमी, जितकं थंड तितकी जास्त. म्हणजे चमकेचा फोटो काढला की फोटोच थर्मामीटर. यादवने ती पानं छापून घेतली आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन झिजवली.

रंगाचं नाव होतं रोडामाईन. नियाजभाईंना वाचून दाखवलं तर ते हसायलाच लागले.

"अरे रोडामाईन तर माझ्या सासरी पोत्यानं असतं. मालेगावला सूत रंगवतात त्यानं. गुलाबी. माझ्या लग्नात साल्यानं हात मिळवला तर माझा हात महिनाभर गुलाबी होता."

दुसऱ्या दिवशी मालेगावच्या एसटीतून कागदाच्या पुडीत चिमूटभर आलं.

लेसर मिळाला अफिफा मॅडमकडे. त्या यादवला पॉलिटेक्निकला फिजिक्स शिकवायच्या. मुलांना आकाशातले तारे दाखवायला त्यांच्याकडे हिरवा लेसर होता, टॉर्चएवढा. कपाटातून काढला, पण हातात लगेच दिला नाही.

"कुणाच्या डोळ्याकडे न्यायचा नाही. आरशाकडे नाही. चकचकीत पत्र्याकडे नाही."

"मॅडम, वर्कशॉपमध्ये सगळे चकचकीतच पत्रे आहेत."

"मग आधी ते झाक. आणि सेलवर चालवू नकोस, सेल उतरला की उजेड उतरतो. अॅडॅप्टर लाव. तरी याचा उजेड कमीजास्त होणार, स्वस्तातला आहे. त्याला काय करशील?"

यादवने विचार केला. "त्याच उजेडात एक छोटी बाटली ठेवीन, त्याच रंगाची, बंद. तिचं तापमान बदलणार नाही. लेसर मंद झाला तर बाटलीपण मंद दिसेल, तेवढं वजा करायचं."

"म्हणजे साक्षीदार," मॅडम म्हणाल्या आणि लेसर दिला. वर काचेची एक दांडीपण दिली. लेसरची रेघ त्या दांडीवर पाडली की ती पंख्यासारखी पसरते, हिरव्या उजेडाचा पातळ पडदा होतो.

वर्कशॉपच्या मागच्या खोलीत यादवने मांडामांड केली. माशांच्या टाकीवाल्याकडून उंच काचेची पेटी करून घेतली. खरी टाकी उभी कापली तर जशी दिसेल तशी. खालून थंड पाणी आत यायला पाईप, वरून गरम बाहेर जायला पाईप, सगळं खऱ्या टाकीसारखं. आत येणाऱ्या पाईपला आतल्या बाजूने एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, तोंड वर. सातपूरमध्ये सगळे असंच लावतात, म्हणजे तळाचा गाळ पाईपात शिरत नाही. पत्रे ताडपत्रीने झाकले, शटर ओढलं. कॅमेऱ्यासमोर मांडववाल्याकडचा केशरी जिलेटिनचा कागद, म्हणजे लेसरचा हिरवा उजेड अडतो आणि रंगाची चमकच तेवढी दिसते.

पेटीत पाणी भरून रंग मिसळला तर नियाजभाई दारात उभे राहून बघू लागले.

"माझा रोजा आहे यादव," ते म्हणाले, "आणि तू माझ्यासमोर एवढं सरबत करून ठेवलंस."

त्या वर्षी दिवाळी रमजानातच आली होती.

आधी रंगाची परीक्षा घ्यायची होती. सगळं पाणी एकसारखं कढत करायचं, फोटो. थोडं कमी गरम, फोटो. अजून कमी, फोटो. फोटो कॉम्प्युटरवर टाकून कर्सर नेला की चमकेचा आकडा मिळतो. कोणत्या तापमानाला किती चमक हे एकदा कळलं की झालं.

यादवने ते केलं. आणि उलटं आलं.

पाणी गार होत गेलं तशी चमक वाढायला हवी. ती कमी होत गेली. दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा केलं. तेच. अॅडॅप्टर बदलला. साक्षीदार बाटली तपासली, ती बिचारी जागच्या जागी. लेख परत वाचला. लेखात स्पष्ट लिहिलं होतं, थंड म्हणजे उजळ.

"लेखातला रंग विलायती असेल," नियाजभाई म्हणाले. "आपला मालेगावचा. मालेगावचं सगळंच उलटं असतं, माझ्या साल्याला भेट कधी."

यादवला ते पटलं नाही, पण तीनदा आलेल्या आकड्यांना नाही तरी कसं म्हणणार. चला, आपल्या रंगाचं उलटं तर उलटं. उजळ म्हणजे गरम. त्याने पेटी कढत पाण्याने भरली आणि खालच्या पाईपातून थंड पाणी सोडलं. त्या थंड पाण्यात तेवढाच रंग आठवणीने घातला, नाहीतर आतलं पाणी पाणचट होऊन सगळा हिशोब फसला असता.

थंड पाणी आत आलं आणि पेटीत जाळ झाला. पाईपाच्या तोंडातून केशरी चमकेचं कारंजं उठलं, सरळ वर गेलं, छताला आपटलं आणि चारी बाजूंनी पसरलं. इतकं देखणं की नियाजभाई आपसूक दोन पावलं पुढे आले.

"उजळ म्हणजे गरम ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे नळाचं पाणी कढत पाण्यापेक्षा गरम?"

यादवने पाईप बंद केला. नियाजभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, सिंधुबाईंचा फोन होता. कमिटीनं बंब दुरुस्तीला टाकलाय. मी म्हणतो, सुट्टीतच आपण टाकी आपल्या हातानं उतरवू. लोकांनी उतरवायची वेळ नको आणायला."

"सुट्टी संपली नाही अजून, भाई."

"संपेल."

"संपू दे. तोवर मी इथेच आहे."

आणि तो होताच. कॅमेरा धुतला, काच पुसली, रंग नवा घोळला, लेसर दुसऱ्या प्लगला लावला. आकडे तेच. त्याला राग यायचा तो एका गोष्टीचा, की चूक त्याच्या डोळ्यासमोर होती हे त्याला कळत होतं आणि ती दिसत नव्हती. तिन्ही वेळा चुकतं तेव्हा चूक वस्तूंची नसते, ती माणूस दर वेळी जे करतो त्यात असते. पण तो दर वेळी काय करत होता? पाणी तापवलं. फोटो काढला. गार केलं. फोटो काढला. बस.

दिवाळीची पहिली अंघोळ. सातपूरच्याच खोलीत यादव आईबरोबर राहायचा. मंगलाबाईंनी त्याला अंधारातच उठवलं, अंगाला तेल लावलं, उटणं चोळलं. मोरीत बादली, बादलीतून वाफा.

"लय कढत हाय," मंगलाबाई बाहेरून म्हणाल्या. "इसण घे आधी. पोळशील."

यादवने पिंपात मग बुडवला, बादलीवर नेला, ओतला. हात घालून बघितलं. अजून एक मग. परत हात घातला. बरं झालं. तिसऱ्यासाठी मग भरला आणि तो मग तसाच हातात राहिला.

विसण.

काचेच्या पेटीसमोर तो हेच करत होता. पाणी आपोआप गार व्हायची वाट कोण बघतं? फोटो झाला, आता थोडं गार पाहिजे, हात आपला पिंपाकडे जायचा. साधं पाणी. दोन मग. हात घालून बघ, ढवळ, थर्मामीटर लाव, फोटो काढ. इतक्या सवयीचं की ते काही करणं आहे असंच वाटलं नव्हतं. प्रत्येक मगाबरोबर रंग पाणचट होत होता. पाणी गार होऊन चमक जेवढी वाढायची, त्याहून जास्त ती पाणचटपणाने मरायची. कारंज्याच्या वेळी थंड पाण्यात आठवणीने रंग घालणारा हाच माणूस, आणि परीक्षेच्या वेळी आईनं लहानपणापासून शिकवलेलं करत होता.

"आई, मी आलो."

"अरे उटणं तरी धू."

"आल्यावर."

"आल्यावर? वाळून पापड होईल त्याचा. यादव. अंगात शर्ट तरी नीट घाल."

वर्कशॉपचं शटर अर्धं वर होतं. नियाजभाई पहाटेची सहरी करून, नमाज पढून आले होते आणि खुर्चीत बसून पेंगत होते. समोर उटण्याचा वास घेऊन, कानामागे पिवळं सुकत असलेला यादव उभा.

"आज तुमची दिवाळी ना?" नियाजभाई म्हणाले. "का मला ओवाळायला आलास?"

"भाई, रंग बरोबर आहे. तुमच्या सासरचं काही चुकलेलं नाही."

"हे पहिल्यांदाच होतंय."

"मी विसण घालत होतो. साधं."

नियाजभाईंनी कपाळाला हात लावला आणि खदखदून हसले. "आणि मी तुला पिंप भरून देत होतो."

या वेळी त्यांनी आधी एक अख्खं पिंप गुलाबी केलं. त्यातलंच पाणी तापवायचं, त्यातलंच विसण घालायचं. रंग सगळीकडे सारखा, बदलणार ते फक्त तापमान. दोघांचे हात कोपरापर्यंत गुलाबी झाले. फोटो निघत गेले, आणि कर्सर नेला की आकडा चढत गेला. थंड म्हणजे उजळ. कढत म्हणजे मंद. लेखात होतं तसं, अगदी तसंच.

यादवने मग कारंज्याचा जुना फोटो उघडला. त्याला आता नव्याने काही मोजायची गरजच नव्हती. तो जाळ थंड पाण्याचा होता. एल्बोचं तोंड वर, पाण्याला जोर, त्यामुळे थंड पाणी तळाशी बसायच्या ऐवजी सरळ वरच्या गरम पाण्यात घुसत होतं आणि सगळं एकत्र करत होतं.

"काय दिसतंय?" नियाजभाईंनी विचारलं.

"टाकी स्वतःच स्वतःला विसण घालतेय."

सिंधुबाईंना दिवाळीत बोलावून आणणं सोपं नव्हतं, पण यादव पाठीच लागला. त्या आल्या, काठाची साडी सावरत, वर्कशॉपच्या काळ्या फरशीवर जपून पाय टाकत. पहिला प्रश्न त्यांनी दारातच विचारला.

"हे गुलाबी आमच्या टाकीत नाही ना घातलंस?"

"नाही ताई. हे फक्त या पेटीत. तुमच्या टाकीला हा रंग बघायलापण मिळणार नाही."

शटर ओढलं, लेसर लावला. नियाजभाईंनी त्यांना पेटीच्या बाजूला, उजेडापासून लांब उभं केलं. थंड पाणी सोडलं. कारंजं उठलं.

"पेटलंय ते गरम ना?"

"उलटं. उजळ ते थंड."

"बरोबर आहे. आमच्या पोरीपण थंड पाण्यानंच जास्त चमकून उठतात." त्या बघत राहिल्या. कारंजं छताला आपटून पसरत होतं. मग त्यांचा आवाज बदलला. "हे आमच्या टाकीत रोज सकाळी होतं?"

"रोज. पहिल्या मुलीनं नळ सोडला की सुरू."

"आणि ते थांबवता येतं?"

यादवने पेटी रिकामी करून एल्बो काढला. त्याजागी दुसरा पाईप लावला. हा तळाशी आडवा, टोकाला बंद, आणि खालच्या बाजूने बारीक बारीक भोकं पाडलेली. तळापासून थोडा उचलून, म्हणजे गाळही शिरणार नाही. पुन्हा कढत पाणी भरलं, पुन्हा थंड सोडलं. या वेळी कारंजं नाही. चमक भोकांतून हळूच बाहेर आली आणि तळाला पसरली. एक उजळ पट्टा, वर सगळा मंद अंधार. पट्टा जाड होत वर चढत गेला, पण वरच्या पाण्यात मिसळला नाही. वरच्या पाईपातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात नियाजभाईंनी बोट घातलं आणि झटकन काढलं.

"शेवटपर्यंत असंच येतं?" सिंधुबाईंनी विचारलं.

"पट्टा वर पोचेपर्यंत."

सिंधुबाईंनी पदर खोचला. "कमिटीला मी सांगते. पण यादव, मुली येतील त्या सकाळी तू तिथे हजर पाहिजेस. जे होईल ते तुझ्या तोंडावर होऊ दे."

ईद झाली, आणि शिरखुर्म्याचा डबा घेऊन नियाजभाई स्वतः गच्चीवर चढले. टाकी कापली, पाईप बदलला, वेल्डिंग परत मारलं. यादवने एकेक भोक आपल्या हाताने पाडलं होतं. मोठं पडलं तर पाण्याला परत जोर येईल म्हणून दोन पाईप त्याने फेकून दिले होते. नियाजभाई प्रत्येक वेळी हळहळले.

मुली परत आल्या. सकाळी चांगलीच थंडी होती. यादव स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून होता, न्हाणीघरापासून लांब, पण आवाज येईल एवढ्या अंतरावर. कोपऱ्यात दुरुस्त होऊन आलेला बंब उभा होता, शेजारी लाकडंसुद्धा रचून ठेवलेली. कमिटीने पाठवून दिली होती, लागलीच तर असावीत म्हणून.

मुली एकेक करून जात होत्या, येत होत्या. पहिल्या काही जणी काही बोलल्या नाहीत. त्या आधीही बोलत नव्हत्या, त्यांना नेहमीच बरं पाणी मिळायचं. यादव मधल्या मुलींची वाट बघत होता. मधल्या आल्या. केस पुसत, एकमेकींना ढकलत, हसत. त्याने त्यांच्या दातांकडे बघितलं. वाजत नव्हते. तरी तो उठला नाही.

रांग संपत आली. सगळ्यात शेवटी एक बारकी पोर, टॉवेल खांद्यावर, झोप डोळ्यात. आत गेली, कडी लागली, नळ सुटला. सिंधुबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी यादवकडे बघितलं नाही.

मग आतून आवाज आला. "ओ बाई."

"काय गं?"

"पाणी लय कढत हाय. इसण द्या ना."

सिंधुबाईंनी मान वळवली. यादवनेही ऐकलं होतं. मग सिंधुबाईंनी इकडेतिकडे नजर फिरवली. न्हाणीघराच्या भिंतीला एकच नळ, तो टाकीचा. विसणाची बादली बंब गेला तेव्हाच अडगळीत गेली होती.

"आता विसण कुठून देऊ?" त्या म्हणाल्या. "थंड पाण्याचा नळच नाही ठेवलास तू."

यादव पायरीवरून उठला आणि खिशातून मोजायचा टेप काढला.

"पोर बाहेर आली की दाखवा," तो म्हणाला. "कुठे हवाय नळ ते."